उकंडरावांची सरकारी दाढ

सन एकोणीसशे पंचावन्नच्या पावसाळ्यात नागपूरच्या राज्य सरकारला असं आढळून आलं की, नागरिकांना दात आहेत.

त्याआधी दात ही ज्याची त्याची खासगी बाब होती. ज्याला होते तो चावायचा, ज्याला नव्हते तो भाकर कुस्करून खायचा आणि ज्याचे दुखायचे तो गालाला फडकं बांधून बाजारात हिंडायचा. ही बेशिस्त मोडण्यासाठी सरकारने 'दंत-स्वास्थ्य-अभियान' काढलं. अभियानाचं परिपत्रक इतक्या शुद्ध भाषेत लिहिलेलं होतं की, ते मोठ्याने वाचायला आधी तोंडात सगळे दात असणं आवश्यक होतं. वाशीमच्या विकास अधिकारी साहेबांना पुढचे दोन नव्हते. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं आणि सही केली.

परिपत्रकात एक कलम असं होतं की, भागातून एक 'आदर्श दंतधारी नागरिक' निवडावा आणि त्याचे दात जनतेला वेळोवेळी दाखवावेत. ही कामगिरी अनसिंगचा ग्रामसेवक इंद्रभान याच्याकडे आली. इंद्रभान उत्साही माणूस होता. त्याने घरोघर जाऊन तोंडं उघडायला लावली. पुरुषांचे दात तंबाखूने पिवळे झाले होते, बायकांचे मिश्रीने काळे. म्हाताऱ्यांच्या तोंडात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी आठवडी बाजारात त्याला वांग्यांच्या ढिगामागे बसलेला उकंडराव दिसला. कोणा गिऱ्हाइकाच्या घासाघिशीवर तो खदखदा हसत होता आणि त्याच्या तोंडात पांढरीशुभ्र, सरळ, एकसारखी रांग उभी होती.

"उकंडराव, तोंड उघडा बरं," इंद्रभान म्हणाला.

"कायले?"

"सरकारले पाह्यचं हाये."

"आतापावतर तर सरकार आमचं तोंड बंदच ठेवून राह्यलं होतं बाप्पा," उकंडराव म्हणाला आणि त्याने तोंड उघडलं. तिथेच तो फसला.

उकंडराव पंचेचाळिशीचा, अनसिंगच्या शिवारात वांगी-मेथी-कांदे पिकवणारा माळी. त्याच्या दातांचं गुपित वगैरे काही नव्हतं. पहाटे मळ्याकडे जाताना निंबाची काडी चावायची, काही खाल्लं की विहिरीच्या पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि गोडधोड परवडत नसल्यामुळे ते सणालाच खायचं. हे त्याने इंद्रभानला सांगितलंही. पण निंबाची काडी योजनेत बसत नव्हती. ती फुकट मिळत होती, त्यामुळे तिचा पुरवठा कसा करायचा हा प्रश्न होता.

निवड जाहीर झाली. शाळेपुढच्या मैदानात मंडप पडला. साहेबांनी उकंडरावाला हार घातला आणि गोड चवीच्या गुलाबी दंतमंजनाचा डबा व एक ब्रश दिला. ब्रश घोड्याच्या खराऱ्यासारखा होता. "जितका जोर लावाल तितके दात चमकतील," असं साहेबांनी भाषणात सांगितलं. उकंडराव मोट हाकणारा गडी. त्याने जोर लावला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पण मंजनच गुलाबी असल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

मग दर्शनाला लोक येऊ लागले. रिसोडहून शिक्षक आले, मंगरुळहून सहकारी संस्थेचे संचालक आले, अकोल्याहून महिला मंडळ आलं. पाहुणे येत ते रिकाम्या हाताने येत नसत, पेढे आणत. पाहुण्यांसोबत उकंडरावाला साखरेचा चहा घ्यावा लागे. दात किती मजबूत आहेत हे पटवण्यासाठी इंद्रभानने एक कार्यक्रम बसवला होता. उकंडरावाने सर्वांसमोर गुळाची जाड चिक्की कडाकडा फोडून खायची. खाऊन झाल्यावर तो चूळ भरायला उठला की इंद्रभान त्याचा सदरा धरून खाली बसवायचा.

"पाहुण्यांसमोर थुंकता काय? बरं दिसते काय थे?"

"अरे, गूळ दाढेत बसून राह्यला ना."

"बसू द्या. पाहुने उठले का तुमी उठा."

पाहुणे लवकर उठत नसत. अशा रीतीने दातांची कीर्ती जसजशी पसरली, तसतसे दात कमी धुतले जाऊ लागले. सहा महिने उलटले आणि डावीकडच्या खालच्या दाढेला मोहरीएवढं भोक पडलं.

पहिल्यांदा विहिरीचं गार पाणी लागलं की कळ यायची. उकंडराव उजवीकडून प्यायला लागला. मग गरम चहा लागला तरी कळ यायची. तो कोमट प्यायला लागला. त्याची बायको तुळसाबाई हे पाहत होती.

"वाशीमच्या दवाखान्यात जाऊन या ना," ती म्हणाली. "बारीक हाये तवाच दाखवा."

"लोक काय म्हनतीन? आदर्श मानूस दात दाखवाले दवाखान्यात गेला म्हनतीन."

"सगळ्या जगाले दात दाखवून राह्यले, तं डाक्टरनं काय घोडं मारलं?"

पण उकंडरावाला आता सवय लागली होती. मानाची सवय तंबाखूपेक्षा वाईट. त्याने दाढेत लवंग धरली, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, तुरटी लावली. त्याने कळ थांबायची, कीड नाही. पोळ्याच्या सुमारास एके दिवशी बैल सजवता सजवता तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी गाल धरून लहान पोरासारखा रडला. तुळसाबाईने त्याला हाताला धरून उठवलं आणि वाशीमच्या बसमध्ये बसवलं.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि हळहळले. "सहा महिन्यांपूर्वी आला असता तर भोक साफ करून भरता आलं असतं. त्यासाठी अकोल्याला पाठवलं असतं, दाढ वाचली असती. आता मुळाशी पू आहे. काढावीच लागेल." त्यांनी चिमटा उकळायला सांगितला. तेवढ्यात त्यांची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावरून भिंतीवरच्या अभियानाच्या फलकाकडे गेली. फलकावर तोच चेहरा बत्तीस दात काढून हसत होता.

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "तुम्ही ते उकंडराव का? मग मला हात लावता येणार नाही. तुमचे दात अभियानाचे आहेत. विकास अधिकाऱ्यांचं ना-हरकत आणा."

विकास अधिकारी साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"असं बघा उकंडराव," ते म्हणाले. "दाढ काढली तर तुमचे दात एकतीस होणार. एकतीस दातांच्या माणसाला आदर्श म्हणता येत नाही. आणि तुम्ही आदर्श नाही असं ठरलं, तर गेल्या वर्षी मी वर पाठवलेलं प्रतिवेदन खोटं ठरतं. सरकारी प्रतिवेदन खोटं असू शकत नाही. म्हणजे तुमची दाढ किडलेली असू शकत नाही."

"पन साहेब, दुखून राह्यली ना!"

"दुखत असेल. दुखण्याला आमची हरकत नाही. काढण्याला वरची मंजुरी लागेल."

अर्ज नागपूरला गेला. उकंडराव पेज पिऊन राहिला. नागपूरने विचारलं की, दाढ डावी म्हणजे नागरिकाच्या डावीकडची की पाहणाऱ्याच्या? त्याचं उत्तर गेलं. नागपूरचा निर्णय होतच आला होता, तेवढ्यात नोव्हेंबर उजाडला, राज्यांची फेररचना झाली आणि वऱ्हाड मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलं. नागपूरने कळवलं की, सदर दाढ आता आमच्या हद्दीत नाही. मुंबईने कळवलं की, सदर दाढ आमच्या राज्यात येण्यापूर्वीच किडलेली असल्याने तिची जबाबदारी आमच्यावर येत नाही. तथापि अभियान स्तुत्य आहे आणि त्याची पाहणी करायला आमचे उपसंचालक संक्रांतीला येत आहेत.

संक्रांतीपर्यंत उकंडरावाचा डावा गाल बेलफळाएवढा सुजला होता. डोळा बारीक झाला होता, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. इंद्रभानने दोन्ही बाजूंनी त्याचे गाल पाहिले.

"आता हे कसं दाखवू मी साहेबाले?"

"मी नाई येत. तू जाय," उकंडराव दातांमधून म्हणाला.

"माही नोकरी जाईन ना भाऊ! घरी म्हातारी माय हाये माही."

इंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं. उकंडरावाचं मन द्रवलं. माणूस मुळात भला, त्यामुळेच तर त्याच्यावर ही वेळ आली होती. मग इंद्रभानने थोडा विचार केला आणि एक चांगला टपोरा डोंगरी आवळा आणून उकंडरावाच्या उजव्या गालात बसवला. आता दोन्ही गाल सारखे झाले.

उपसंचालक आले. त्यांनी उकंडरावाचा जुना फोटो हातात धरला, समोरच्या माणसाकडे पाहिलं आणि थक्क झाले.

"अहो, हे तर भरले की! फोटोत गाल किती बसलेले दिसतात."

"मंजनाचा परिनाम, साहेब," इंद्रभान म्हणाला.

"काय उकंडराव, बरं वाटतंय ना?"

उकंडरावाच्या एका गालात पू होता, दुसऱ्यात आवळा. तो म्हणाला, "ऊंऽ."

"मितभाषी आहेत," उपसंचालक कौतुकाने म्हणाले. त्यांनी त्याच्या हातावर तिळाचा कडक लाडू ठेवला आणि गोड बोलायला सांगितलं. टाळ्या झाल्या. गालावर थोपटायला त्यांनी हात पुढे केला आणि तो डाव्या गालावर पडला. उकंडरावाच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. ते पाहून उपसंचालकही सद्गदित झाले. परत गेल्यावर त्यांनी अहवालात लिहिलं की, अभियानामुळे दात शाबूत राहतात, चेहरा भरतो आणि जनतेला सरकारबद्दल वाटणारं प्रेम अनावर होतं.

त्या संध्याकाळी उकंडरावाला ताप भरला. सूज गळ्यापर्यंत उतरली, थुंकी गिळता येईना. तुळसाबाईने हात लावून पाहिला आणि लुगड्याचा पदर खोचला. आजवर ती सगळं बोलून पाहत होती. आता तिने बोलणं बंद केलं. तिने बैल जुंपले, बंडीत कडबा पसरला, नवऱ्याला त्यावर निजवला, त्याच्या तोंडाभोवती फक्त डोळे दिसतील असा शेला गुंडाळला आणि थेट वाशीमचा दवाखाना गाठला.

"नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"बापूराव. राहनार धनज," तुळसाबाईने सांगितलं. बापूराव हा तिचा मामा. त्याचे सगळे दात पडून जमाना झाला होता.

डॉक्टरांनी शेला बाजूला केला. समोर कोण आहे ते त्यांनी ओळखलं. त्यांनी भिंतीवरच्या फलकाकडे पाहिलं, मग तुळसाबाईकडे पाहिलं. तिची नजर हलली नाही.

"डाक्टरसाहेब," ती म्हणाली, "थो आदर्श हाये ना, त्याले तिकडं भिताडावर राहू द्या. हा माहा नवरा हाये. याले वाचवा."

"धनजचे बापूराव," डॉक्टर स्पष्ट आवाजात म्हणाले. "सामान्य माणूस आहात. तुमची दाढ काढायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. आ करा."

दाढ निघाली. पू वाहून गेला, सुया टोचल्या गेल्या आणि चार-सहा दिवसांत उकंडराव माणसात आला. पहिली भाकर त्याने उजवीकडून चावून चावून खाल्ली, खाऊन झाल्यावर अंगणात उभा राहून खळखळून चूळ भरली आणि दूरवर थुंकला. इंद्रभान तिथेच उभा होता. त्याने या वेळी सदरा धरला नाही.

पुढे कागदोपत्री सगळं उत्तम झालं. अनसिंग परिसर दंतरोगमुक्त जाहीर झाला. दंतरोगच नसल्याने तिथल्या लोकांच्या दाढा काढायला मनाई झाली. मग अनसिंगमध्ये ज्याची दाढ दुखेल तो गपचूप तुळसाबाईकडे येऊन नाव-पत्ता विचारून जायचा आणि दवाखान्यात जाऊन 'बापूराव, राहणार धनज' सांगायचा. बायकासुद्धा तेच सांगायच्या. एकाच माणसाच्या तोंडातून इतक्या दाढा कशा निघतात, हे वरच्या कोणी विचारलं नाही. उलट मुंबईहून असं विचारण्यात आलं की, धनजमध्ये अभियान इतकं मागे का आहे? इंद्रभानची तिकडे बढतीवर बदली झाली.

ही हकिकत आमच्याकडे सांगितली की लोक पोट धरून हसतात. सरकारला नावं ठेवतात, इंद्रभानला शिव्या देतात, एवढं साधं कसं कळत नाही म्हणतात. आणि हसता हसता मधेच एखादा थबकतो, जीभ आत वळवून एका दाढेला चाचपतो. विचारलं तर म्हणतो, "नाई, काही नाई. थंडं लागलं का जराशी झिनझिनते. जाऊ कधी तरी, सवड भेटली का."

तुम्हीही आत्ता जीभ फिरवून पाहिलीत. हरकत नाही. फक्त एवढं सांगा: तुमचा फोटो कुठल्या भिंतीवर नाही, तुमचे दात कुठल्या अभियानात नाहीत. मग तुमची मंजुरी कोणाकडे अडली आहे?