न होणाऱ्या लघवीचा नमुना

मिर्झाबोयेव साहेबांचं वागणं मला पसंत नाही. माणूस माझ्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसतो, माझा हिरवा चहा पितो, आणि माझ्याच संडासाला लाखेचं सील ठोकतो.

कारण सांगते. माझी लघवीची पिशवी सुस्तावली आहे. भरते, पण रिकामी व्हायचं मनावर घेत नाही. मार्गिलान शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून लघवी काढायला शिकवलं. हात धुवायचे, आरसा धरायचा, नळी घालायची. दिवसातून पाच वेळा, दर वेळी नवी नळी. नाही काढली तर मूत्रपिंडं जातात. सून मुहय्यो म्हणाली, “आई, मी मदत करू?” म्हटलं, “तू चुलीकडे बघ.” तीन दिवसांत शिकले.

नळ्या सरकारी दवाखान्याची समिती देते. तिचे अध्यक्ष हे मिर्झाबोयेव. वर्षाच्या तपासणीत त्यांनी विचारलं, “खाला, लघवी स्वतः करता का?”

“मग काय शेजारीण करते? स्वतःच करते!”

त्यांनी लिहिलं, ‘स्वतः करते.’ नळ्या बंद.

हसू नका. तुमच्या फॉर्मवरही असा एखादा रकाना असेल, आणि तुम्हीही ताठ मानेनं ‘होय’ लिहून आला असाल.

मी परत गेले. म्हटलं, “नळीशिवाय होत नाही.”

“पुरावा?”

“कशाचा?”

“न होण्याचा. नमुना आणा.”

मी बाटली उकळून, पुसून, रिकामीच नेली. प्रयोगशाळेनं अहवाल दिला, ‘नमुना अपुरा.’

तेव्हा घरी येऊन चाचणी करायचं ठरलं. सहा तास नळी वापरायची नाही. चोरून जाऊन येऊ नये म्हणून संडास सीलबंद. लेखी, शिक्का मारलेल्या हुकमाशिवाय सील तोडायचं नाही. अध्यक्षांनी रुग्णावरची नजर हलवायची नाही. घरात नळी उरली होती एक.

पाहुण्याचा पेला रिकामा ठेवणं आमच्यात पाप. मुहय्यो ओतत राहिली, साहेब पीत राहिले. तिसऱ्या तासाला त्यांनी पायावर पाय टाकला. चौथ्याला खरबूज नको म्हणाले. माझं ओटीपोट तोवर नगाऱ्यासारखं ताणलेलं, कंबरेत कळा.

“साहेब, घाम फुटलाय तुम्हाला,” मुहय्यो म्हणाली. “आणखी चहा?”

“नको गं बाई! ते सील... जरा...”

“हुकूम लिहा की मग.”

“लिहिला असता. शिक्का कचेरीत आहे.”

मी उठले. शेवटची नळी घेतली, बादली घेतली, खोलीकडे निघाले.

“खाला, बसा! चाचणी रद्द होईल! सगळं पहिल्यापासून करावं लागेल!”

दारात थांबून मी म्हटलं, “साहेब, तुंबलोय आपण दोघंही. माझा इलाज माझ्या हातात आहे. तुमचा कचेरीच्या कपाटात. आता खरा रोगी कोण, ते तेवढं लिहून ठेवा.”