शिट्टी, घंटा आणि मधले दोन अंक

चौतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. जगात अशी एकही गोष्ट नाही, जी मी दहा मिनिटांत मुलांच्या डोक्यात उतरवू शकत नाही! हे वाक्य मी नातीच्या शाळेत, मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर हात आपटून म्हणालो. त्यांच्या पेल्यातलं पाणी हिंदकळलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"मग विज्ञान प्रदर्शनात हृदय दाखवा," बाई टेबल पुसत म्हणाल्या. "पाहुण्या म्हणून हृदयाच्या डॉक्टरच येणार आहेत."

"दाखवतो! चालतंबोलतं दाखवतो! आणि त्यात माझी नात असेल."

बाईंचा हात पुसता पुसता थांबला. "नात गुणी आहे हो तुमची. पण जरा..."

जरा काय, ते मला ठाऊक होतं. तिला हाक मारली की 'ओ' यायला दोन क्षण लागतात. वर्गातली मुलं तिला सावकाशबाई म्हणतात. आणि या सावकाशबाईंना वर्षभर एकच गोष्ट हवी होती: शाळेची घंटा! दर वर्षी ते काम एका मुलाला मिळतं. तिने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या हातात घंटा दिली तर सोमवारची शाळा मंगळवारी सुटेल." त्या रात्री पोरगी जेवली नव्हती.

"प्रदर्शनात तिने काम नीट केलं, तर घंटेचं बघाल?" मी विचारलं.

"बघेन. पण गोंधळ झाला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"गोंधळ? माझ्या हाताखाली?" मी हसलो. फार मोठ्याने हसलो.

दुसऱ्या दिवशी गच्चीत सहा मुलं गोळा केली.

"हृदय ठोक्यासाठी मेंदूच्या हुकमाची वाट बघत नाही," मी सांगितलं. "त्याच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. तो मिनिटाला सत्तरएक वेळा विजेची बारीक चुणूक सोडतो. ती वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, ते आकसतात आणि रक्त खाली ढकलतात. हा पुंजका कोण होणार?"

पाच हात वर झाले. काम भोंग्याला मिळालं. भोंगा म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा. हा कुजबुजला तरी खालच्या मजल्यावर दार उघडतं. त्याच्या हाती शिट्टी दिली.

दोघं स्टुलांवर चढले. ते वरचे कप्पे. त्यांच्या हातात तळाला भोक पाडलेले पाण्याचे डबे. थोडं पाणी आपोआप खाली गळत राहायचं, कारण खऱ्या हृदयातही बरंचसं रक्त आपणहून खाली उतरतं. शिट्टी वाजली की उरलेलं ओतायचं आणि डबा पुन्हा भरून घ्यायचा. खाली दोघं बादल्या धरून. ते खालचे कप्पे. घंटा वाजली की त्यांनी बादली समोरच्या टबात रिकामी करायची.

"आणि मी?" नातीने विचारलं. अर्थातच सगळ्यांच्या नंतर.

"तू सगळ्यांत महत्त्वाची! वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधोमध दुसरा पुंजका असतो. चुणूक तिथे क्षणभर थबकते. मगच खाली जाते. शिट्टी ऐकलीस की मनात एक, दोन मोजायचं आणि घंटा द्यायची."

तिचे डोळे भरले. "म्हणजे हृदयातसुद्धा उशीर मीच करायचा?"

"अगं वेडे, तो उशीर नाही, तेच तर काम आहे! वरचं पाणी बादलीत यायच्या आत बादली उचलली, तर काय होईल?"

ती दोन क्षण विचार करत राहिली. "पाणी जमिनीवर."

"शाबास! आणि लक्षात ठेव, कुणी कितीही घाईने शिट्ट्या मारू देत, तू आपली मोजूनच घंटा द्यायचीस. आणि शिट्टी बंदच पडली, तर दहा मोजायचे आणि स्वतःच घंटा द्यायची. वरचा पुंजका गप्प झाला, तर मधला असाच कारभार हातात घेतो. वेग कमी होतो, पण हृदय चालू राहतं."

तिने मान डोलावली. मी मात्र पुढच्या पंधरा दिवसांत या शेवटच्या दोन्ही सूचना साफ विसरलो!

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत डॉक्टरबाई आणि मुख्याध्यापिका. मी मागे, खेळाच्या सरांशेजारी.

शिट्टी! पाणी! एक, दोन. टण्! बादल्या रिकाम्या! असे पाच ठोके पडले. माझी छाती इतकी फुगली की शर्टाच्या गुंड्या ताणल्या.

सहाव्या वेळी भोंग्याने गाल फुगवले आणि शिट्टीतून नुसतं 'फुस्स' आलं. सकाळपासून फुंकून फुंकून आतली गोळी थुंकीने चिकटली होती!

नात घंटेची दोरी धरून उभी. ढिम्म!

"झोपली," मी पुटपुटलो. "घंटा गेली हिची!" आणि मी ओरडलो, "अगं, वाजव! वाजव की!"

तिने वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने शांतपणे, टण्! बादल्या रिकाम्या झाल्या. डॉक्टरबाई पुढे वाकून हसल्या. ते हसू कौतुकाचं होतं, पण मला तेव्हा ते सुरीसारखं लागलं.

मी खेळाच्या सरांच्या गळ्यातली शिट्टी ओढली. दोरीबरोबर अर्धे सरही आले. मी फुंकली. पुन्हा फुंकली. फुंकतच सुटलो! तेवढ्यात भोंग्याने आपली शिट्टी बाकावर आपटली आणि तीही सुरू झाली. स्टुलांवरचे दोघं प्रत्येक शिट्टीला डबे हलवू लागले. नुसते थरथरत होते, धड ओतणं होईना.

नात मात्र तशीच. एक, दोन, टण्! मधल्या शिट्ट्या तिने ऐकल्याच नाहीत जणू. एक, दोन, टण्!

एवढं पाहून कोणीही शहाणा माणूस खाली बसला असता. मी व्यासपीठावर चढलो आणि टबावर थपडा मारत किंचाळलो, "उचला! उचला! थांबू नका!"

आजोबांचा हुकूम! खालच्या दोघांनी बादल्या उचलल्या. नेमकं त्याच क्षणी वरच्या दोघांना ओतणं जमलं. बादल्यांच्या जागी आता मला आवरायला धावत आलेल्या मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्या नखशिखांत भिजल्या. त्यांना हात द्यायला मी पुढे झालो, घसरलो आणि टबात बसलो. मापाचा होता.

डॉक्टरबाईंनी माईक घेतला. "मुलांनो, हृदय तुम्ही उत्तम दाखवलंत. शिट्टी बंद पडली तेव्हा मधल्या पुंजक्याने सांभाळलं. शिट्ट्या बेफाम झाल्या, तेव्हाही त्यानेच आवर घातला. आता हे आजोबा काय आहेत, सांगा बरं?"

सगळी मुलं टबाकडे बघू लागली. टबातून मी त्यांच्याकडे.

"काहींच्या हृदयात जन्मतः एक जादा वाट असते. मधल्या पुंजक्याला वळसा घालून, न थांबता खाली जाणारी. तिच्यामुळे हृदय मधेच विनाकारण धावत सुटतं."

"मग तुम्ही काय करता?" भोंग्याने विचारलं. माईकची गरज नव्हती.

"शिरेतून बारीक तार आत नेतो, ती वाट शोधतो आणि जाळून टाकतो."

बाह्या पिळत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आज तार आणलीय का?"

हशा ओसरला. गोंधळ तर झाला होता! तोही मीच केलेला. आता घंटेचा विषय कोणत्या तोंडाने काढणार? पण बाईच नातीकडे वळल्या. "एवढा आरडाओरडा चालला होता. तू घाबरली नाहीस?"

एक, दोन.

"आजोबांनीच सांगितलं होतं. कुणी कितीही घाई केली, तरी आपण मोजायचं."

"आजोबांनी केली तरी?"

एक, दोन.

"आजोबांना वगळा, असं ते म्हणाले नव्हते."

सोमवारी घंटा तिच्या हातात आली. हल्ली शाळा रोज दोन अंक उशिरा सुटते. मी तिला आणायला जातो. फाटकाच्या बाहेर उभा राहतो, हात खिशात, तोंड बंद. माझ्या समंजसपणाचं सगळ्यांना कौतुक वाटतं.

बाईंनी तसं लेखी घेतलंय.