चार पावलांचा नियम

आमच्या गावात कुणाचाही पाय मुरगळला तरी तो आधी माझ्या अंगणात येतो आणि मग दवाखान्यात जातो. दवाखान्यातली नर्ससुद्धा विचारते, "ह्लेकानी आजींनी बघितलं का?" शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, पण सूज बघून मी सांगते, शीर ताणली आहे की सांधा दुखावलाय. मार लागल्या लागल्या सूज भरली तर प्रकरण मोठं. दुसऱ्या दिवशी भरली तर थोडं लहान. हाडावर बोट ठेवताच माणूस कळवळला, तर मी हातसुद्धा लावत नाही, सरळ गियानी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात धाडते. बाकीच्यांना पहिले दोन दिवस बर्फ, पट्टी आणि पाय उशीवर. शेक नाही, तेल नाही, चोळणं तर नाहीच. चोळायची हौस असेल त्यानं कणीक मळावी.

हे सगळं सांगायचं कारण, आम्हा आज्यांचा फुटबॉलचा संघ आहे. मी एकाहत्तर वर्षांची, संघाची कप्तान आणि गोलकीपर. संघात माझा एक नियम चालतो. दुखापत झालेल्या बाईनं न लंगडता चार पावलं चालून दाखवायची. चौथं पाऊल जरी अडखळलं, तरी बाकावर. त्यात नातं नाही, रडणं नाही.

या नियमानं मी आमच्या म्थावीनीला बसवलं होतं. आमच्यात सगळ्यात जास्त गोल तिचेच. मॅचला चार दिवस उरले असताना, मंगळवारी, ती घोटा घेऊन माझ्या दारात आली.

"अक्का, बरा झालाय. बघा तरी."

"चाल."

ती चालली. तिसऱ्या पावलाला तोंड वाकडं झालं.

"बाक," मी म्हटलं.

"अहो अक्का, शनिवारी मॅच आहे. समोर तुमच्या विहिणीचं गाव आहे. मी नसले तर हराल."

"मी गोलात असताना? माझ्या अंगावरून डासही आत जात नाही. आणि तू हट्टानं खेळलीस तर घोट्यापाठोपाठ गुडघा जाईल. कसा जातो, दाखवू? पाय असा जमिनीत रोवलेला असतो आणि अंग असं गर्रकन..."

दाखवलं. गुडघ्यात कट्ट झालं.

म्थावीनी हरखून बघत राहिली. "काय हुबेहूब केलंत अक्का. चेहरासुद्धा अगदी दुखल्यासारखा."

"शिकून घे," मी म्हटलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिले, ती फाटकाबाहेर जाईपर्यंत.

बुधवारी सकाळी गुडघा भोपळ्याएवढा. दुसऱ्या कुणाचा असता तर एका वाक्यात निकाल दिला असता: तीन आठवडे बाक. पण शनिवारी त्या मैदानावर माझ्या विहीणबाई येणार होत्या, मामायिलाबाई, माझ्या सुनेची आई. गेल्या वर्षापासून त्याही त्यांच्या संघाच्या गोलात उभ्या राहतात. त्यांच्यासमोर मी बाकावर? त्यापेक्षा गुडघा कापून टाकला असता.

म्हणून मी फ्रिजरमधली कोंबडीच्या पायांची पिशवी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि वरून कापड गुंडाळलं.

सून टिन्यिको जेवण घेऊन आली. रीतीप्रमाणे गुडघे टेकून ताट ठेवलं आणि वास घेत राहिली.

"आई, तुमच्याजवळ कच्च्या कोंबडीचा वास येतोय."

"वितळवतेय. संध्याकाळी रस्सा कर."

"मांडीवर?"

"चुलीपाशी लवकर वितळतं, मांडीवर नीट वितळतं. जा."

तीन दिवसांत तीच पिशवी सात वेळा वितळली. शेवटी टिन्यिकोनं ती कुत्र्याला घातली, तर कुत्र्यानंही विचार केला.

शनिवारी मी पट्टी आवळून, लांब मोजे चढवून मैदानावर गेले. माझा हिशोब सरळ होता. गोलकीपरला पळावं लागत नाही. विहीणबाई त्या टोकाला, मी या टोकाला. लांबून मान हलवली की झालं.

पण आमचा कोच गेझानी, माझा भाचा, जास्त शहाणा. "आत्या, आज दोन्ही कप्तानांनी मधोमध येऊन हात मिळवायचा. दोन गावं आलीत, शोभा दिसेल."

"तिकडची कप्तान कोण?"

"मामायिलाकाकू."

आता विहिणीशी कुणी हात मिळवतं का? मुलगी दिलेलं घर आणि मुलगी घेतलेलं घर. अंगाला अंग लावायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. दोघींनी गुडघे टेकायचे, तळवे जुळवायचे, खाली बघून खुशाली विचारायची. आणि आधी उठायचं नाही. आधी उठली तिला घाई झाली, म्हणजे समोरच्या घराची किंमत नाही. अशा एका उठण्यावरून आमच्या गावात दोन घरं नऊ वर्षं बोलली नव्हती.

त्या टेकल्या. मीही टेकले. गुडघ्यातून कळ डोक्यावरच्या फडक्यापर्यंत गेली.

"घरी सगळे बरे, विहीणबाई?"

"बरे. तुमच्याकडे?"

"बरे. शेळ्या?"

"व्याल्या. तुमचा मका?"

"उभा आहे. तुमच्या चर्चमधल्या त्या म्हाताऱ्या?"

"वारल्या."

"अरेरे."

पंचानं शिट्टी वाजवली. मी त्यांच्या उठण्याची वाट बघतेय, त्या माझ्या. पुन्हा शिट्टी.

"उठा ना, विहीणबाई," मी हळूच म्हटलं.

"छे, तुम्ही मुलाकडच्या. तुम्ही आधी."

"वयानं तुम्ही मोठ्या."

"दोन महिन्यांनी. ते काय मोठं."

आम्ही मग पावसाची चौकशी केली. मेलेल्या गाईची केली. कडेला लोक कौतुकानं म्हणायला लागले, बघा, याला म्हणतात मान. तेवढ्यात माझी नजर त्यांच्या मोज्याकडे गेली. मोज्याच्या वरून पट्टीचं टोक डोकावत होतं.

"कधी झालं?" मी विचारलं.

त्यांनी मोजा वर ओढला. मग म्हणाल्या, "बुधवारी. पायरी चुकली. तुमचं?"

"मंगळवारी. बर्फ लावलात?"

"नाही हो. गरम विटेनं शेकलं, मग सुनेकडून चांगलं चोळून घेतलं."

"गरम वीट? ताज्या सुजेवर? अहो, डोकं शेकलं असतंत तर जास्त उपयोग झाला असता!"

दोन्ही गावांनी ऐकलं. माझा आवाज तसा झाडावरची पाखरं उडवणारा. कडेला टिन्यिकोनं तोंडावर हात ठेवला. तिच्या आईला, दोन गावांसमोर, तिची सासू असं बोलली होती. मुलाचा संसार मला डोळ्यांदेखत मोडताना दिसला.

विहीणबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. तर त्या हसत होत्या. "मग तुम्हाला बर्फानं काय मिळालं? तुम्ही तरी कुठे उठताय?"

दोघींनाही गेझानी आणि टिन्यिकोनं काखेत हात घालून उभं केलं, एकाच वेळी, म्हणजे कुणी आधी नाही. मी झगा झटकला आणि गोलाकडे वळले. समोर म्थावीनी उभी, हाताची घडी घालून.

"अक्का, चार पावलं."

"बाजूला हो."

"नातं नाही, रडणं नाही. चाला."

दोन गावं मोजायला लागली. एक. दोन. तीनपर्यंत मी राणीसारखी गेले. चौथ्याला गेझानीच्या गळ्यात पडले.

"बाक," म्थावीनी म्हणाली. "आणि मंगळवारी ते हुबेहूब केलंत ना, तेव्हाच मला शंका आली होती."

विहीणबाई आणि मी एकाच बाकावर बसलो, मध्ये वीतभर अंतर राखून. बर्फाची पिशवी एकच होती, ती मी त्यांच्या गुडघ्याला दिली. आमच्या गोलात म्थावीनीला उभं केलं, कारण चार पावलं तिची त्या दिवशी स्वच्छ पडली. तिनं एकही गोल होऊ दिला नाही. डाससुद्धा नाही.

आता पाच आठवडे झाले. माझा गुडघा ठणठणीत आहे, हे मी सांगतेय म्हणजे आहेच. दर मंगळवारी मी म्थावीनीच्या अंगणात जाते आणि चालून दाखवते. काल ती म्हणाली, "अक्का, चौथं जरा लंगडलं."

मुळीच लंगडलं नव्हतं. म्हणजे लंगडलं, पण केसाएवढं. इतकं बारीक बघायला तिला कुणी शिकवलं, ते आता कशाला सांगू.