दगूभाऊंचं अव्वल कार्ड

दगूभाऊ बोरस्ते देवाला नमस्कार करण्याआधी हात धूत की नाही, मला ठाऊक नाही. पण क्रिकेटचं कार्ड उचलण्याआधी साबणाने धूत आणि फुंकून वाळवत. टॉवेलवर राख असते म्हणत. खोटं नव्हतं ते. एकलहऱ्याच्या आमच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत कोळशाच्या चिमणीची राख पोह्यांवरसुद्धा बसायची.

नव्वदच्या दशकात बबलगमसोबत क्रिकेटपटूंची कार्डं मिळत. पोरं ती जमवत, आणि टर्बाइनवरची पाळी संपवून आलेले हे पन्नाशीचे, एकटे राहणारे गृहस्थही. अख्ख्या कॉलनीच्या कार्डांचा निवाडा त्यांच्या ओट्यावर व्हायचा. कार्ड उजेडात तिरपं धरायचं, चारी कोपरे भिंगातून बघायचे, मग निकाल: अव्वल, चालू किंवा रद्दी. मोठ्या साहेबांच्या लेकीचं कार्डही त्यांनी रद्दीत काढलं. "साहेबांची असशील बाई, पण कोपरा मेलाय. निकालात लबाडी नाय!"

एकदा पुतणीच्या लग्नाला सायखेड्याला जाताना त्यांनी आपलं सर्वांत लाडकं कार्ड माझ्याकडे ठेवलं. "अण्णा, माझं छत गळतंय. एवढं सांभाळा."

मी इतका फुगलो, की नाशिकरोडला जाऊन ते लॅमिनेट करून आणलं! आमच्या पिढीत कागदाचा त्याहून मोठा मान नव्हता. माझी मार्कशीटही तशीच होती.

परत आल्यावर दगूभाऊंनी ते बराच वेळ तिरपं धरलं. "झकास," म्हणाले. "आता राख नाय बसणार."

दोन हजार साल उलटल्यावर मुंबईहून कार्डांचा एक व्यापारी आला. ओट्यावर ही गर्दी! ते कार्ड बघताच त्याने कपाळावर हात मारला. "अहो, असं कार्ड शोधून मिळत नाही! आता प्लास्टिक काढलं तर चित्रच सोलून निघेल. मातीमोल झालं. कुठल्या गाढवाने केलं हे?"

मी मागेच उभा होतो.

"मीच," दगूभाऊ म्हणाले.

तेव्हापासून कॉलनी हसत आली: म्हणे पारखी, आणि स्वतःचंच कार्ड लॅमिनेट! ते हसू माझ्या वाट्याचं होतं, हे आज लिहून ठेवतो. आणि असा माणूस माझा शेजारी होता, हेही छाती फुगवून.

गर्दी पांगल्यावर मी विचारलं होतं, "भाऊ, खरं सांगा. या कार्डाला काय देता?"

त्यांनी हात धुतले. फुंकून वाळवले. कार्ड उजेडात धरलं.

"अव्वल."

"भाऊ, निकालात लबाडी?"

"नाय अण्णा. माझ्या वस्तूसाठी कुणी नाशिकरोडपर्यंत गेलं व्हतं का कधी?"