सोबत नमुना कुडी जोडली आहे

आंबेमाळ ग्रामपंचायतीच्या ‘जलसमृद्धी उद्याना’चे लोकार्पण मार्चमधल्या एका मंगळवारी विधिवत पार पडले आणि त्याच कार्यक्रमात बाईजाच्या डाव्या कानातली सोन्याची कुडी पडली. पहिल्या घटनेची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात, फेसबुकवर आणि तीन फ्लेक्सवर आहे. दुसऱ्या घटनेची नोंद व्हावी म्हणून काय काय करावे लागले, ते इथे सांगायचे आहे.

आटगाव स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवरच्या या गावात उद्यान कशाला, असे विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही. बचत गटाच्या बायकांना वृक्षारोपणाला बोलावले होते. खड्डा एक, रोप एक, बायका बावीस. फोटोत सरपंच ज्ञानेश्वरशेठ यांच्या तोंडावर ऊन येत होते, म्हणून बाईजाला तेच रोप तीनदा उपटून तीनदा लावावे लागले. तिसऱ्यांदा वाकताना कुडीची फिरकी सुटली असावी. घरी जाऊन डोक्यावरचा पदर काढला तेव्हा तिला कळले. रोप एव्हाना मेले होते.

बाईजाच्या घरात हळदीच्या दिवशी आई आपल्या कानातल्या कुड्या काढून लेकीच्या कानात घालते. तिच्या आईने तशाच घातल्या होत्या, आईच्या आईनेही. बाईजाची लेक दर्शना धसईला द्यायची ठरली होती आणि हळद पंधरा दिवसांवर आली होती. त्यामुळे बाईजा दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांपुढे उभी राहिली. ग्रामसेवकांना गावात भाऊसाहेब म्हणतात. ते भाऊही वाटत नाहीत आणि साहेबही, पण दोन्ही मान त्यांनाच मिळतात.

“भाऊसाहेब, माझी कुडी पडली वो बागंत. दोन मानसं लावून तेवढी माती चाळून द्या.”

“उद्यान सार्वजनिक आहे. लेखी अर्ज करा. कुडी कशी होती?”

“ही अशी,” बाईजाने उजव्या कानाला हात लावला.

“मग तीच जोडा. नमुन्याशिवाय सापडलेल्या वस्तूची ओळख पटवायची कशी?”

खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही म्हणायची बाईजाला सवय नव्हती. ती सवय तिला कोणी लागूही दिली नव्हती. तिने उजवी कुडी काढून दिली. भाऊसाहेबांनी ती पाकिटात घातली, पाकीट अर्जाला स्टेपल केले आणि त्यावर आवक क्रमांक टाकला. आता एक कुडी मातीत होती आणि एक फायलीत. त्यातल्या त्यात मातीतली सापडायची आशा जास्त होती.

बाईजाचा भाचा सुयोग ठाण्याला एका कंपनीत जातो. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याने मेटल डिटेक्टर मागवला होता. खोक्यावर लिहिले होते, ‘नवशिक्यांसाठी. उद्याने व समुद्रकिनारे यांकरिता उपयुक्त.’ समुद्रकिनारा त्याने करून पाहिला होता. केळव्याच्या वाळूत अख्खा दिवस फिरून त्याला एक किल्ली आणि बाटल्यांची अकरा बुचे मिळाली होती, आणि किल्ली त्याचीच होती. उद्यान राहिले होते. मावशीचा फोन आला तसा तो रविवारी मशीन घेऊन हजर झाला.

चार तासांत मशीन त्रेसष्ट वेळा वाजले. बियरची एकोणपन्नास बुचे, गुटख्याच्या चंदेरी पुड्या, चार खिळे आणि शेठच्या निवडणुकीतला एक बिल्ला एवढा ऐवज निघाला. लोकार्पणानंतरच्या चहापानात चहा कोणीच घेतला नव्हता, हे जमिनीने प्रामाणिकपणे सांगितले. कुडी मात्र निघाली नाही. शेवटी फक्त मधला पट्टा उरला. तिथे पाटी होती, ‘सावधान! खालून लोखंडी जलवाहिनी गेली आहे. खोदू नये.’

इथे मशीन बोंब मारणार म्हणून सुयोगने आधीच आवाज कमी केला. मशीन गप्प. त्याने आवाज वाढवला, आपली किल्ली खाली टाकून पाहिली. किल्लीवर ते वाजले. पाटीपासून कुंपणापर्यंत तो दोनदा चालला. मशीनने चकार शब्द काढला नाही. नवे यंत्र हातात असलेला माणूस जितका भाबडा असतो तितक्या भाबडेपणाने तो मोठ्याने म्हणाला, “मावशी, इथं पाइपच नाय!”

दहा मिनिटांत ज्ञानेश्वरशेठ बुलेटवरून आले.

“कोन म्हनतं पाइप नाय?”

“मी नाय, शेठ. मशीन वाजत नाय.”

“खोक्यावर काय लिवलंय? समुद्रावर चालतं. हितं समुद्र हाय का?”

“उद्यानात पन चालतं, शेठ.”

“हितं कुठं उद्यान हाय?” शेठ म्हणाले, आणि मग त्यांना मागची कमान दिसली.

प्रकरण गंभीर होते. त्या पाइपातून आंबेमाळच्या चौऱ्याऐंशी घरांत नळाने पाणी आल्याची कागदोपत्री खात्री झालेली होती. खात्रीसाठी भाऊसाहेब एकच नळ पिशवीत घालून घरोघर फिरले होते. भिंतीला नळ टेकवायचा, घरच्या बाईने त्याखाली हंडा धरून हसायचे, फोटो काढायचा, नळ पुढच्या घरी. बाईजाही हसली होती. त्या हसण्याच्या जोरावर गाव ‘जलसमृद्ध गाव’ पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोचले होते आणि आठवड्याने तपासणी होती.

तातडीची ग्रामसभा भरली. पाइप कुठे गेला, असे एकानेही विचारले नाही; मशीन गावात आणले कोणी, हे सगळ्यांनी विचारले. दोन मैलांवरच्या विहिरीवरून पाणी आणून नुकत्याच टेकलेल्या बायकाही सुयोगकडे रागाने बघत होत्या. गावाची अब्रू जाणार याचे त्यांना खरेच वाईट वाटत होते. गेल्या वर्षी ज्याच्या अंगणात नळाचा पहिला फोटो निघाला, तो दामू उभा राहिला.

“पाइप नाय ह्ये आमाला बी ठाव हाय. पन मशीनला कशापायी सांगायचं?”

टाळ्या पडल्या. ठराव झाला की, यंत्र समाधानकारक वाजेल अशा प्रकारे जमिनीत तांत्रिक सुधारणा करण्यात यावी. सुधारणा म्हणजे प्रत्येक घराने जुने लोखंड आणून मधल्या पट्ट्यात पुरायचे. उरलेले असेल तर बाकीच्या बागेतही पुरायचे, म्हणजे उपवाहिन्यांचीही सोय होईल. शेठनी बाईजाला बाजूला घेतले. “तपासनी हून जाऊं दे, मंग तुज्या कुडीसाठी आख्खी बाग चाळून देतो. माजा शब्द.”

बाईजा त्या शब्दाच्या आशेवर राबली. दिवसाढवळ्या, सगळ्या गावाबरोबर. लपवण्यासारखे काही आहे असे कोणालाच वाटत नव्हते. मोडके विळे, कोयते, नांगराचे फाळ, सायकलच्या चेनी, पत्र्याचे डबे जमिनीत गेले. पाणी दारात आल्याने अधिकृतपणे निरुपयोगी ठरलेले हंडेही गेले. बाईजाने आपला गळका हंडा दिला आणि माती सारखी करताना बोटांनी चाचपून पाहिली. कुडी लागली नाही.

तपासणीला तालुक्याहून साहेब आले. खोदून बघायचा त्यांचाही विचार नव्हता, कारण ऊन होते. यंत्र असल्याचे कळताच त्यांनी हेडफोन मागून घेतला. सुयोगने पाटीपासून कुंपणापर्यंत मशीन फिरवले आणि ते एका दमात शेवटपर्यंत वाजले. साहेबांनी डोळे मिटले.

“पाणी वाहतंय ना, तेसुद्धा ऐकू येतं,” ते म्हणाले.

साहेब गाडीत बसायच्या आत बाईजा पुढे झाली. “सायेब, आता माझी कुडी.”

सुयोगने तिच्यासाठी पुन्हा मशीन धरले. ते कमानीपाशी वाजले, मेलेल्या रोपापाशी वाजले, बाकापाशी वाजले. त्याने हेडफोन काढला. “मावशी, आता सगळंच वाजतंय गो.”

“मंग खना. शेठनी शब्द दिलाय.”

“प्रमाणित जलवाहिनीवर खोदणं हा गुन्हा आहे,” साहेबांनी सांगितले. शेठ तेव्हा फोनवर बोलत होते, आणि बाईजा निघून जाईपर्यंत बोलतच राहिले.

हळदीला दोन दिवस उरले. बाईजा पुन्हा ग्रामपंचायतीत गेली. “निदान फायलीतली तरी द्या वो. पोरीच्या एका कानात तरी घालीन.”

“हरवलेली सापडल्याशिवाय नमुना परत देता येत नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “उद्या ती सापडली तर ओळख कशाशी पटवायची?” मग तिचा चेहरा पाहून त्यांना दया आली. ते अगदीच वाईट गृहस्थ नव्हते. वाईट असते तर काम सोपे झाले असते. “असं करा. कुडी सापडली असं लिहून द्या. प्रकरण निकाली निघेल, नमुना आपोआप मोकळा होईल.”

बाईजाने सही केली. ‘दोन्ही कुड्या सुस्थितीत मिळाल्या, तक्रार नाही.’ आणि पाकिटातून एक कुडी घेऊन घरी आली.

हळदीच्या दिवशी तिने ती दर्शनाच्या उजव्या कानात घातली. मग हात डाव्या कानाकडे गेला आणि तिथेच थांबला. “आये, ऱ्हाऊं दे गो,” दर्शना म्हणाली. बाईजा रडली. हळदीला आया रडतातच, त्यामुळे कोणी विशेष मनावर घेतले नाही. इतक्यात शेठ आणि भाऊसाहेब आहेर घेऊन आले. भाऊसाहेबांनी नवरीकडे नीट निरखून पाहिले.

“वा! दोन्ही कुड्या काय शोभतायत!”

मांडवातल्या सगळ्यांनी दर्शनाच्या रिकाम्या कानाकडे पाहिले. मग दामू म्हणाला, “शोभतान म्हंजे काय! दोनी बी!” आणि मग सगळेच म्हणाले. सर्वांत शेवटी बाईजाही म्हणाली, कारण सही तिची होती.

तुम्ही हसताय, पण त्या मांडवात तुम्हीही होतात. गाव दुसरे असेल, वस्तू दुसरी असेल. तुम्हालाही तो कान दिसला, तुम्हीही मान डोलावलीत आणि पंगतीला बसलात. जेवून उठल्यावर हात धुवायला भिंतीवरच्या नळाशी गेलात. तो फिरवला, पाणी आले नाही, तेव्हा कोणी बघत नाही ना याची खात्री करून घेतलीत, आणि खरकटे हात धुतल्यासारखे रुमालाला पुसलेत.