गाडीचा कासरा

सुदेशला रविवारी दुपारी जेवून झोपायचं होतं. आयुष्याकडे त्याचं आता एवढंच मागणं उरलं होतं. सोमवार ते शनिवार तो वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात सुपरवायझर म्हणून दिवसभर उभा असायचा, आणि संध्याकाळी रेडी गावी घरी परतला की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "आज दमलंय बाय, उद्या बघूया." त्याची मुलगी तेजस्वी हिला हे वाक्य पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. पोहायला शिकणं उद्या, पतंग उद्या, आणि घरामागच्या काजूच्या बागेतून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, जाणं तर गेली तीन वर्षं उद्या. पायवाट घरच्याच बागेतली. चालणारा माणूस अर्ध्या तासात वर पोचतो. पण त्यासाठी चालावं लागतं.

त्या रविवारी डोळा लागतो न लागतो तोच दारात टेम्पो वाजला. गोव्यातल्या गुरुप्रसादमामाने, म्हणजे सुदेशच्या मेव्हण्याने, भाचीला दहाव्या वाढदिवसासाठी एक छोटी डर्ट बाईक पाठवली होती. त्याच्या मुलाला ती लहान पडू लागली होती. लाल रंग, जाडे टायर, आणि आवाज असा की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

तेजस्वी धावत बापाच्या खाटेपाशी आली. "पप्पा, माज्या वाढदिवसाक ह्या गाडयेवरसून सड्यार जाऊया! उद्या म्हणूचा नाय!"

"व्हय, व्हय," सुदेश डोळे मिटूनच म्हणाला.

माणसाने झोपेत 'व्हय' म्हणू नये. पण सुदेशची ही चूक लहान होती. मोठी पुढे व्हायची होती.

वाढदिवसाला पाच रविवार होते. गाडीवर बसवलं तर तेजस्वीचे पाय जमिनीला टेकेनात, ब्रेकपर्यंत बोटं पोचेनात, आणि जराशी रेस पिळली की गाडी थेट गोठ्याची दिशा धरी. बाबलीला बोलावलं. बाबली जेटीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. गावात कुठलंही इंजिन बिघडलं, मग ते पंपाचं असो की भातगिरणीचं, ते बाबलीकडेच जायचं, आणि बाबली प्रत्येक इंजिनाला होडीचंच समजायचा.

पण काम त्याने छान केलं. सीटचा फोम कापून बसकी केली, ब्रेकची दांडी जवळ ओढली, चेनवर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून झाकण बसवलं. तेजस्वीचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. नम्रताने, म्हणजे तिच्या आईने, हेल्मेट आणि गुडघ्यांची पॅडं आणली. गोष्ट इथेच संपायची, पण नवी गाडी घरात आली की वाडीच्या राखणदाराला, म्हणजे पाषाणातल्या देवाला, नारळ ठेवायचा असतो, आणि नारळ म्हटला की गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेलं साकडं, आलंच.

गाऱ्हाणं घालायचा मान सुदेशच्या वडिलांचा, सत्यवानचा. म्हातारा पाषाणासमोर उभा राहिला, सगळे मागे 'व्हय' म्हणायला. सुदेश घड्याळ बघत होता. अजून जेवण व्हायचं होतं, मग झोप.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!" सत्यवानने सुरुवात केली. "आज तुज्या पायाकडे ही गाडी आणून उभी केली हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माज्या नातीक वाटेत काटोकुटो, इचूकिरडू, कसलीच बाधा होऊक देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कासरो धन्याच्या हातातसून सुटाक देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने सुदेश ओरडला, कारण त्याला आटपायचं होतं.

नारळ फुटला. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"बाबा," सुदेश म्हणाला, "कासरो खंयचो? गाडी ती. बैल न्हय."

म्हाताऱ्याला गाऱ्हाणं एकच येत होतं. त्याच्या वडिलांकडून शिकलेलं, नवा बैल जोताला जुंपताना घालायचं. आजवर ते स्कूटरला, फ्रिजला आणि नम्रताच्या शिवणयंत्राला चाललं होतं, कारण शेवटची ओळ तो आठवणीने गाळायचा. या वेळी नातीच्या काळजीत ती निघून गेली.

"तोंडातसून इला खरा," तो पडेल आवाजात म्हणाला. "पण इला ता इला. देवासमोर शब्द गेलो."

"काय होणा नाय ओ."

"होणा कसा नाय?" नम्रता म्हणाली. "आणि सगळ्यात मोठ्यान व्हय कोण म्हणालो? तुमीच. माज्या चेडवाक काय झाला तर? गाडयेक कासरो होयो, आणि तो तुमच्या हातात होयो. घरातले धनी तुमी."

सुदेशला घराचा धनी असल्याचं एरवी कुणी सांगत नसे. आज अचानक मान मिळाला आणि तो महाग पडणार हेही कळलं. त्याने आशेने बाबलीकडे पाहिलं. हा इंजिनाचा माणूस, हा तरी हसेल.

बाबली हसला नाही. "सोपा आसा," तो म्हणाला. "होडयेच्या इंजिनाक दोरी असता. एक टोक स्विचाक, दुसरा मनगटाक. माणूस पाण्यात पडलो की दोरी सुटता, इंजिन थयच बंद. तीच लावतंय. चार हात जाळ्याची दोरी जोडतंय, म्हंजे सुदेशाक मागसून धावूक बरा."

"धावूक?" सुदेशने विचारलं.

"मगे? गाडी काय तुज्यासाठी थांबतली?"

पुढच्या रविवारी दोन वाजता सुदेश मनगटाला दोरी बांधून अंगणात उभा होता. तेजस्वीने रेस दिली. सुदेश धावला. विहिरीपर्यंत पोचायच्या आत दोरी ताठली, स्विचमधून निसटली आणि गाडी बंद पडली. सुदेश आधीच बंद पडला होता.

"गाडी फास्ट आसा," बाबली म्हणाला आणि रेसचा स्क्रू अर्धा आटा आवळून वेग कमी केला.

पुन्हा तेच. पुन्हा अर्धा आटा.

"आता ही गाडयेची ट्रायल न्हय," बाबलीने समजावलं. "तुजी ट्रायल. तू जितको धावतस तितकीच गाडी धावूक होयी."

असे तीन रविवार गेले. सत्यवान ओटीवर बसून बघायचा. "बैल बरे," तो म्हणायचा. "दमले की सरळ खाली बसत." सुदेशला खाली बसायचीही मुभा नव्हती. कारखान्यात बायका विचारू लागल्या, साहेब, पाय कसले ओढताय? तो काय सांगणार? देवाला शब्द दिलाय?

चौथ्या रविवारी स्क्रू शेवटपर्यंत गेला. आता गाडीला नेमका सुदेशचा वेग आला होता. अंगणात तेजस्वी गाडीवर, मागे दोरी धरून सुदेश, आणि दोघांच्या बाजूने एक कोंबडी चालत पुढे निघून गेली.

"पप्पा," तेजस्वी म्हणाली, "कोंबडी म्होरे गेली."

ती रडली नाही, हट्टही केला नाही. गाडीवरून उतरून हेल्मेट काढू लागली, आणि ते सुदेशला जास्त लागलं. हा वाढदिवसही उद्यावर जाणार हे तिने मनात धरलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. रात्री त्याने पायांना तेल चोळलं आणि नम्रताला सांगितलं, "काय व्हयत ता होवंदे. सड्यार जातलंय."

वाढदिवशी सकाळी बाप-लेक निघाले. पहिला चढ सुदेश धावला. दुसऱ्या चढावर चालला, दोरी ताठली, गाडी बंद. किक, पुन्हा चार पावलं, गाडी बंद. अर्ध्या वाटेवर तो एका काजूच्या बुंध्याशी बसला. छाती भात्यासारखी हलत होती.

"तेजू," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य ओठांवर आलं. ते त्याने कसंबसं गिळलं.

तेजस्वी हेल्मेट काढून समोर बसली. तिने दोरी बोटांनी चाचपली. "पप्पा, गाडी कोणाची?"

"तुजी."

"आजोबान काय सांगलेला? कासरो धन्याच्या हातात. मगे धनी कोण?"

सुदेशने मनगट पुढे केलं. तेजस्वीने त्याच्या मनगटावरची गाठ सोडली, दोरी दुमडून आखूड केली आणि आपल्या मनगटाला बांधली. बाबली होडीवर बांधायचा, अगदी तशी. पडली तर गाडी बंद. देवाचा शब्दही पाळला. चार रविवार धावण्याची कुणालाच गरज नव्हती.

मग ती कोंबडीच्या वेगाने चढ चढत गेली, आणि सुदेश हात मागे बांधून आरामात चालत तिच्या मागून सड्यावर पोचला. वर वारा होता. खाली समुद्र, बंदर, माडांच्या रांगा. तेजस्वी सपाट कातळावर गोल गोल फिरत होती आणि प्रत्येक फेरीला हात हलवत होती. सुदेशला फार बरं वाटलं. हे आपण तीन वर्षं का टाळलं, ते त्याला आठवेना.

"पप्पा, तुमी बसा!" ती उतरून म्हणाली.

"मी? माज्यान मोडात ती."

"बसा म्हणतंय ना!"

तो बसला. गुडघे कोपरांना लागले, गाडी कण्हली, पण निघाली. दोरी पुन्हा लांब सोडली होती, पण अर्थातच धन्याच्या हातात, त्यामुळे तेजस्वी मागून धावत होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. सुदेश मोठ्याने हसत होता. पाचव्या फेरीला त्याने मागे वळून हाक मारली, "बाय, आणखी एक!"

दोरी ताठली. गाडी बंद पडली. तेजस्वी कातळावर बसकण मारून धापा टाकत होती.

"आज दमलंय पप्पा," ती म्हणाली. "उद्या बघूया."