मानेच्या वर, मानेच्या खाली

मनुष्याचे शरीर एकसंध आहे, हा फार जुना गैरसमज आहे. आमच्या रुग्णालयाने तो दूर केला. येथे मानेच्या वरचा माणूस दुसऱ्या मजल्यावर तपासतात आणि खालचा पाचव्या. दातवाले आणि मूत्रपिंडवाले यांची चुकून गाठ पडू नये, म्हणून मधल्या मजल्यावर आमची समन्वय समिती बसते. मी तिचा सचिव.

हिरड्यांतली घाण रक्तात उतरते आणि आजारी मूत्रपिंडाच्या जिवावर उठते, हे दोन्ही मजल्यांना मान्य आहे. दोष रक्ताचा. ते कुणाची सही न घेता मजले ओलांडते. (इतर कुणालाही आम्ही तसे करू दिलेले नाही.)

शिवणकाम करणाऱ्या एका मावशींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. धाकटी बहीण आपले एक द्यायला तयार होती, तपासण्याही जुळल्या होत्या. फक्त मावशींची एक दाढ किडून हलत होती आणि हिरडीत पू होता.

पाचवा मजला म्हणाला, "तोंडात पू असताना नवं मूत्रपिंड बसवता येत नाही. आधी दाढ काढून या."

दुसरा म्हणाला, "डायलिसिसवर आहात, रक्त थांबलं नाही तर? आधी वरच्यांचं पत्र आणा."

दोघांचेही बरोबर होते. इतकी निर्दोष अडवणूक फार थोड्या संस्थांना जमते.

पत्राची मुदत सात दिवस, आणि वरून खाली पोहोचायला त्याला अकरा दिवस लागत. समितीने चौदा बैठका घेऊन ते आठवर आणले, त्याबद्दल आम्हाला ढाल मिळाली. पाच महिने धाकटी बहीण सकाळी मूत्रपिंड घेऊन येई आणि संध्याकाळी तसेच परत नेई. एकदा तिने मला गाठले.

"साहेब, तुमचं पत्र येईपर्यंत ताई राहील ना?"

"हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही," मी म्हणालो. त्या दिवशी मला डबा गेला नाही. इतिवृत्तात याची नोंद नाही.

पंधराव्या बैठकीच्या वेळी मावशी बाहेर बाकावर होत्या. त्यांनी पिशवीतून रीळ काढले, दुहेरी दोरा दाढेला बांधला आणि दुसरे टोक आमच्या दाराच्या मुठीला. आमचे दार आतल्या बाजूला उघडते. चहाची वेळ झाली, मी दार ओढले, आणि दाढ सभागृहात आली. समितीच्या हातून झालेले हे पहिले ठोस काम.

रक्त थांबेना. दोन्ही मजल्यांचे डॉक्टर धावत आले आणि माझ्या दारात प्रथमच एकमेकांना भेटले. तासाभराने रक्त थांबले, तेव्हा दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या. या पत्राची मुदत संपायला अजून पुरे सात दिवस होते.

जखम भरली, मूत्रपिंड बसले. मावशींनी मला सदरा शिवून पाठवला. त्याची डावी बाही चार बोटे लांब आहे. विचारले तर म्हणाल्या, "दोन बाह्या दोन मजल्यांवर शिवल्या, साहेब."

असा प्रकार पुन्हा घडू नये, म्हणून आम्ही इमारतीत दोरा आणण्यास बंदी घातली आहे.

हे वाचताना वाचकांची जीभ मागच्या एखाद्या दाढेशी जाऊन आली असेल. सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये लाल दिसते, तेव्हा आपण नळ सोडता आणि विषय पुढे ढकलता. आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही, आपला अनुभव पुरेसा आहे.